दमलेलं डोकं आणि प्रवेशपरीक्षा
(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी म्हटलं, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. तेवीस वर्षं एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसले, एवढीच ती वाटचाल. त्यापेक्षा आपल्या ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं जे चाललं आहे त्यावर बोलते. सकाळची गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाचे केक बाजूला काढले, तर आपल्या ग्रुपवर उरतात ते मुलांच्या परीक्षांचे प्रश्न. जेईईला क्लास कुठला लावला? नीट रिपीट करावी का? सीईटीचा फॉर्म कधीपासून? आणि एक प्रश्न असा, की तो ग्रुपवर कुणी विचारत नाही. तो मला आपल्यापैकी तिघींनी वेगळा फोन करून, आवाज खाली आणून विचारला : "अगं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलेली असते, आणि मार्क उलट खाली चाललेत. काय करू?"

या प्रश्नावर मला थोडंफार सांगता येईल. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. पण हा प्रकार मी दोनदा जवळून बघितला. एकदा स्वतःच्या बाबतीत, तेहतिसाव्या वर्षी, आणि एकदा आई म्हणून, गेल्या वर्षी.

आपल्या वेळी परीक्षा नव्हत्या असं नाही. चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप होती (मधली काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती), दहावीचं बोर्ड होतं, पेपरात छापून येणारी मेरिट लिस्ट होती. बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. म्हणजे मार्च महिना कसाबसा काढला की सुटका. आता तसं नाही. माझ्या मुलाचं बारावीचं वेळापत्रक सांगते : जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारीत बोर्ड सुरू, एप्रिलच्या सुरुवातीला जेईई मेनचं दुसरं सत्र, एप्रिलमध्येच सीईटी, आणि पुढे ज्यांना बसायचं असेल त्यांना मे महिन्यात ॲडव्हान्स्ड. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मेनला पंचाहत्तर प्रश्न, एकशेऐंशी मिनिटं, चुकलं की एक मार्क वजा. सीईटीला तेवढ्याच वेळात दीडशे प्रश्न, पण चुकल्याचे मार्क कापत नाहीत. बोर्डाला पायऱ्या लिहायच्या. एका मुलाने चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या खेळांचे नियम पाळायचे, आणि याची तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची. आपण एका परीक्षेला धावलो, ही मुलं हंगामभर धावतात. म्हणून 'आम्ही नाही का अभ्यास केला' हे वाक्य आपल्या पिढीने जरा जपून वापरावं, असं माझं मत आहे.

आता माझी गोष्ट. बीई होऊन, नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती. मुलगा सहा वर्षांचा. मला एम.टेक. करायचं होतं, आणि त्यासाठी गेट द्यायची होती, २०१४च्या फेब्रुवारीतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : गेट म्हणजे तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर मार्क. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून ती घेतात. त्या वर्षीपासून सगळेच पेपर कॉम्प्युटरवर गेले. दिवसभर ऑफिसात स्क्रीन, आणि रात्री सरावासाठी पुन्हा स्क्रीन.

मे महिन्यात सुरुवात केली. पहिले चार महिने छान गेले. मला खरंच मजा येत होती, कॉलेजात रट्टा मारलेल्या गोष्टी आता अनुभवामुळे समजत होत्या. पहाटे साडेचारला उठायचं, सातपर्यंत अभ्यास, मग डबे, शाळेची व्हॅन, हिंजवडीचा ट्रॅफिक, ऑफिस, परत, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, साडेदहा ते साडेबारा पुन्हा अभ्यास. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी सराव परीक्षांची मालिका लावली, तीत दर रविवारी तीन तासांचा पेपर.

नोव्हेंबरच्या मध्यावर काहीतरी बिघडलं. एक पान वाचायला चाळीस मिनिटं लागायला लागली. शेवटच्या ओळीवर आल्यावर पहिली ओळ आठवायची नाही. सोपी गणितं सुटायची नाहीत. दुधाची पिशवी फ्रीजऐवजी कपाटात ठेवली, ती दोन दिवसांनी वासावरून सापडली. मुलगा काही सांगायला आला की माझ्या अंगावर काटा यायचा, राग म्हणून नाही, आता हेही ऐकायचं का, म्हणून. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मला परीक्षेचं काहीच वाटेनासं झालं. भीती नाही, उत्साह नाही. सराव पेपरचे मार्क चव्वेचाळीसवरून एकतीसवर आले, तरी आत काही हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू हल्ली घरात असून नसतेस." त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्यापुढे ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रकरण होतं, त्यातला थ्रॅशिंगचा भाग. इथले इंजिनिअर हसतायत, त्यांना कळलं मी कुठे चालले आहे. बाकीच्यांसाठी सांगते. स्वयंपाकघराचा ओटा डोळ्यांसमोर आणा. ओटा लहान, म्हणून बरंचसं सामान माळ्यावर. लागेल ते खाली काढायचं, झालं की वर ठेवायचं. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. एका वेळी एक-दोन पदार्थ चालू असतील तर हे झकास जमतं. पण दिवाळीच्या फराळाच्या दिवशी त्या लहान ओट्यावर एकदम चकली, करंजी, चिवडा, अनारसे आणि शंकरपाळे काढा. सोऱ्या काढायला पोळपाट वर ठेवायचा, पोळपाटासाठी परात वर, परातीसाठी पुन्हा सोऱ्या वर. दिवसभर तुम्ही शिडीवर. घाम निथळतोय, पाय दुखतायत, आणि डब्यात एक चकली नाही. कॉम्प्युटर हेच करतो. कामांची गर्दी झाली की सगळा वेळ सामानाच्या वर-खाली करण्यात जातो आणि खरं काम जवळजवळ थांबतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली त्यावर लिहिलं.

पण गंमत पुढेच आहे. जुन्या सिस्टीम बघायच्या की प्रोसेसर रिकामा बसलाय, काम कमी होतंय. मग त्यांचा हिशेब असा, की अर्थी याला आणखी काम देता येईल! आणि त्या आणखी एक प्रोग्रॅम आत घ्यायच्या. म्हणजे शिडीवर दमलेल्या बाईला विचारायचं, "डबे रिकामे दिसतायत, बेसनाचे लाडूही घेतेस का करायला?" मार्क कमी आले की आणखी एक टेस्ट सिरीज, आणखी एक तास, आणखी एक शिकवणी, ही जी आपल्या घरोघरची पद्धत आहे ती अगदी हीच. मार्क घसरले ते काम कमी पडलं म्हणून की शिडी जास्त झाली म्हणून, हे आधी बघायला हवं. डेनिंगचा उपाय साधा आहे. प्रत्येक कामाला सलग चालायला किती जागा लागते ते मोजा, तेवढी ओट्यावर मावतील इतकीच कामं ठेवा, बाकीची तात्पुरती थांबवा. रद्द करायची नाहीत, थांबवायची. त्यांची पाळी येते.

हे पान मी किती वेळा वाचलं असेल! परीक्षेत त्यावर प्रश्न येतो म्हणून वाचत होते. ते माझ्याबद्दल लिहिलंय हे कळायला मला आपल्या वर्गातली डॉक्टर मैत्रीण लागली. ती आज इथे आहे, मागच्या रांगेत लपून बसली आहे. मी तिला फोन केला तो झोपेची गोळी मागायला. तिने गोळी दिली नाही. म्हणाली, आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन आलं आठ पॉइंट नऊ. बाईचं बारा तरी हवं. म्हणजे मी ज्याला मनाचा थकवा समजत होते, त्यातला बराचसा भाग रक्ताचा होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि तिची तंबी : चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू सरबताबरोबर घे. इथल्या सगळ्या आयांना माझं सांगणं आहे की मुलगी 'कंटाळा आलाय, लक्ष लागत नाही' म्हणते तेव्हा समुपदेशकाच्या आधी किंवा बरोबरीने हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह बघून घ्या. साडेतीनशे-चारशे पानांच्या नोट्स काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट तिने विचारली, "तुझा अभ्यास खरा किती वेळ होतो?" मी म्हटलं, साडेचार तास. ती म्हणाली, तो तू बसतेस तो वेळ झाला. मग एक शंभर पानी वही केली. दर अर्ध्या तासाला त्यात लिहायचं, काय सोडवलं. वाचलं ते धरायचं नाही, सोडवलं तेच धरायचं. आठवड्याने बघितलं तर रात्रीच्या दोन तासांत मी सरासरी तीन प्रश्न सोडवत होते. पहाटेच्या अडीच तासांत सोळा. रात्रीचा अभ्यास त्या दिवसापासून बंद. साडेदहाला झोप. त्या वहीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकाने नाही, म्हणून ती अजून ठेवली आहे.

इथे थोडं थांबून एक बारीक गोष्ट सांगायची आहे, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. दमलेलं डोकं अभ्यास सोडत नाही. ते अभ्यासाचा सोपा प्रकार निवडतं. पुन्हा वाचणं, पिवळ्या पेनाने रंगवणं, नोट्स सुवाच्य करणं, व्हिडिओ दीडपट वेगाने बघणं. हे करताना सगळं येतंय असं वाटत राहतं. २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, पान बंद करून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे. आठवून लिहिणं कष्टाचं असतं, ते थकल्यावर नको वाटतं. म्हणून रात्री दोनपर्यंत पोरं बसतात, पानं रंगतात, आणि रविवारच्या पेपरात काही उतरत नाही. मुलं आळशी असतात किंवा खोटं बोलतात असं नाही. त्यांना खरंच वाटत असतं की अभ्यास झाला.

मग थांबवण्याची कामं निवडली. कंपायलर आणि डिजिटल लॉजिक हे दोन विषय जानेवारीपर्यंत बाजूला. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा एक भाग तेव्हा अभ्यासक्रमात होता, तो वाचलाच नाही, अकरा वर्षं तेच तर करत होते. सराव पेपर दर रविवारऐवजी एक रविवार सोडून. मधल्या रविवारी मागच्या पेपराची चिरफाड. त्यातून कळलं की शेवटच्या पन्नास मिनिटांत गेलेल्या अकरा प्रश्नांपैकी आठ मला येत होते. न येणं हे कारणच नव्हतं. दमलेल्या माणसाला प्रश्न सोडून देता येत नाही, तो एकाच हाडकाला चावत बसतो. मग सोडून देण्याचाच सराव केला. दोन मिनिटांत वाट दिसली नाही की पुढचा प्रश्न, मनाला वाटो न वाटो.

ऑफिसचं सांगायला हवं. तेव्हाच्या माझ्या टीममध्ये रिलीज होती, आणि वरच्यांनी रजा द्यायला नाही म्हटलं. 'परीक्षा ही वैयक्तिक गोष्ट आहे' असं उत्तर आलं. ठीक आहे, त्यांच्या जागी ते. पण शनिवारचे फोन घेणं मी बंद केलं, आणि जग चालू राहिलं. घरी नवऱ्याने सकाळचे डबे घेतले. पहिले पंधरा दिवस मुलाला रोज बटाट्याची भाजी मिळाली, त्याची तक्रार नव्हती.

शनिवार-रविवार जमेल तसं साताऱ्याला यायचे. आईकडे येऊन झोपायचे, सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालत जायचे. तिथे वर गेल्यावर काही साक्षात्कार होतो असं नाही. दम लागतो, घाम येतो, खाली येऊन भूक लागते. तेवढं पुरेसं होतं. आणि तिथेच एकदा सातवीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते असं समजू नका. स्कॉलरशिपचा जादा तास शाळा सुटल्यावर असायचा. त्याच्या मध्यावर तुम्ही आम्हाला पेपर पालथे ठेवायला लावायचात आणि मैदानाला दोन फेऱ्या मारायला पाठवायचात. मी एकदा म्हटलं होतं, "बाई, एवढं एक गणित पूर्ण करते." तुम्ही म्हणालात, "अर्धं राहू दे. परत आलीस की लवकर सुटेल." सुटायचं. का सुटायचं ते तेव्हा कळत नव्हतं. फेऱ्या मारताना आम्ही आंबट चिंचा खायचो, तेही तुम्हाला माहीत होतं असं मला वाटतं.

डिसेंबर असाच गेला. ख्रिसमसच्या आसपास एका सकाळी वाचता वाचता वाटलं, पुढे काय असेल? एवढंच. पण ते कुतूहल सहा आठवड्यांनी परत आलं होतं. दोन्ही बाजूला ठेवलेले विषय जानेवारीत पंधरा-सोळा दिवसांत उरकले. परीक्षा दिली. स्कोअर चांगला आला, मुलाखतीला बोलावणंही आलं. त्या उन्हाळ्यात सासऱ्यांची बायपास झाली आणि मी प्रवेश घेतला नाही. त्याची मला चुटपुट आहे का? आहे. पण ती वेगळी गोष्ट, आणि आज तिचा दिवस नाही.

'बर्नआउट' हा शब्द आता सगळेच वापरतात. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो दवाखान्यात राबणाऱ्या लोकांसाठी वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद घेतली ती नोकरी-व्यवसायापुरती, आणि आजार म्हणून नाही. शाळकरी मुलं त्या व्याख्येत बसत नाहीत. पण सकाळी सहाचा क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग रात्री गृहपाठ, असा बारा-चौदा तासांचा दिवस ज्याचा आहे, त्याच्या त्या दिवसाला कामाशिवाय दुसरं नाव काय द्यायचं? पगार नाही एवढाच फरक.

आता मुलाकडे येते. त्याने परवानगी दिली आहे, एका अटीवर : पर्सेंटाइल सांगायचं नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं पोट दुखायला लागलं. फक्त रविवारी सकाळी. रविवारी क्लासची सराव परीक्षा असायची. बाकी सगळं माझ्यासारखंच, फक्त वय सतरा. मार्क खाली, तास वर. पूर्वी जेवताना बडबड करायचा, ती बंद. हसायचा ते मोबाइलकडे बघून, तेही तोंडाने, डोळ्यांनी नाही. रक्त तपासलं, ठीक होतं. एका समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. त्याच्याकडून माझ्याच वहीसारखी नोंद करून घेतली, मी त्यांना वहीबद्दल काही बोलले नव्हते. रात्री दहा ते एकमध्ये तीन तासांत अकरा गणितं निघाली, त्यातली सात चुकलेली. तो स्वतःच म्हणाला, "मग मी जागतो कशाला?" हे मी म्हटलं असतं तर त्याने दार आपटलं असतं.

मग घरात मोठी चर्चा झाली. ॲडव्हान्स्डची तयारी थांबवायची का? मी म्हटलं थांबवायची, मेन आणि सीईटी एवढंच ओट्यावर ठेवायचं. त्याच्या बाबांना ते पटलं नाही. म्हणाले, दोन वर्षांचे पैसे आणि मेहनत, आता दोन महिने राहिलेत आणि तू त्याला माघार घ्यायला शिकवतेस. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, आणि आजही ते पूर्ण पटलेले नाहीत, समोर बसलेत, विचारून बघा. शेवटी मुलाला विचारलं. त्याने दोन दिवस घेतले आणि थांबवतो म्हणाला. क्लासवाल्यांनी फोन करून सांगितलं, बॅच खाली येईल. आली. त्या बॅचमध्ये त्याला पहिल्यांदा एक मित्र मिळाला. झोप पावणेअकराला. संध्याकाळी पाऊण तास बॅडमिंटन, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. पोटदुखी जानेवारीत गेली. मार्क लगेच वाढले नाहीत, तीन आठवडे तसेच राहिले, ते तीन आठवडे घरात सगळ्यांना अवघड गेले. मग हळूहळू चढले. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲडव्हान्स्ड दिली असती तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही आणि त्यालाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दमणूक असेल तर आठ-पंधरा दिवस नीट झोप आणि भार कमी केल्यावर थोडा तरी फरक पडतो. फरक पडला नाही, झोपच लागत नाही किंवा मूल दिवसभर झोपून राहतं, जेवण सुटलं, मित्र सुटले, आवडत्या गोष्टींनीही काही वाटत नाही, 'मी नसलो तर बरं' असं काही बोललं गेलं, किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला सुरुवात केली, तर तो अभ्यासाचा थकवा समजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'असं काही बोलू नये' म्हणून मुलाला गप्प करू नका, उलट सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतोय का. विचारल्याने कल्पना डोक्यात येते हा समज खोटा आहे. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे. हा नंबर मी कार्यक्रम सुरू होण्याआधी ग्रुपवर टाकला आहे. वाढदिवसाच्या केकखाली गेला तर पुन्हा टाकीन.

ज्या तिघींनी फोन केले होते त्या इथेच आहेत, नावं घेत नाही. एकीच्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. एकीच्या मुलाने नीट पुन्हा द्यायचं ठरवलंय, पण क्लास न लावता, घरी. तिसरीचं अजून चालू आहे, आम्ही दर गुरुवारी बोलतो.

आणि ती शंभर पानी वही मी आज आणली आहे. मागच्या टेबलावर कंदी पेढ्यांच्या खोक्याशेजारी ठेवली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी बघा, फोटो काढा. फक्त पेढ्याचे हात पुसून घ्या, ती मला परत न्यायची आहे. मुलाने मागितली आहे.